ज्युदोतून व्यावसायिक सबमिशन ग्रॅपलिंगकडे : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

ज्युदोच्या ६३ किलो वजनगटात आंतरराष्ट्रीय पातळीवर बराच काळ खेळलेली एक खेळाडू व्यावसायिक सबमिशन ग्रॅपलिंगकडे, म्हणजे सांध्याला कुलूप लावून किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावण्याच्या लढतींकडे, वळते आहे आणि तिच्या तयारीची आखणी माझ्याकडे आली आहे. उभ्या लढतीचा भाग तिचे ज्युदोचे प्रशिक्षकच सांभाळतील, जमिनीवरच्या लढतीची जबाबदारी माझी राहील आणि वर्ष संपण्यापूर्वी तिने मानधनावरची पहिली लढत खेळावी, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे. सगळा सराव ज्युदोगीशिवाय (ज्युदोच्या जाड गणवेशाशिवाय), रॅशगार्ड आणि शॉर्ट्समध्ये होईल.

वजनाचा प्रश्न सुदैवाने आपोआप सुटला. एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या जागतिक स्पर्धेत पूर्वी महिलांसाठी ६० किलोखालील आणि ६० किलोवरील असे दोनच गट होते. २०२४ पासून ५५, ६५ आणि ६५ किलोवरील असे तीन गट झाले. तिचे नेहमीचे वजन ६६ किलोच्या आसपास राहते, त्यामुळे ६५ किलोचा गट तिला फारशी उपासमार न करता गाठता येईल. जुन्या विभागणीत तिला आपल्याहून कितीतरी जड खेळाडूंशी लढावे लागले असते.

या वाटेने आधी गेलेल्यांमध्ये मला सर्वांत उपयोगी उदाहरण ट्रॅव्हिस स्टीव्हन्स यांचे वाटते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ८१ किलो गटात रौप्यपदक मिळवणाऱ्या या अमेरिकी ज्युदोकाने जॉन डॅनहर यांच्या हाताखाली ब्राझिलियन जिउ-जित्सूचा ब्लॅक बेल्टही मिळवला होता. रोंडा राउझी आणि केला हॅरिसन यांची नावे अधिक प्रसिद्ध असली, तरी त्या मिश्र मार्शल आर्ट्सकडे गेल्या, आणि ठोसे आले की जमिनीवरच्या लढतीचे सगळे हिशेब बदलतात. आमच्या कामाशी त्यांच्या प्रवासाचा संबंध मर्यादितच आहे.

१३ जानेवारी

अनुभवी ग्रॅपलर्सबरोबर तिच्या मोकळ्या फेऱ्या घेतल्या आणि मी बाजूला बसून केवळ निरीक्षण केले. उभ्या लढतीत तिने जवळजवळ प्रत्येकीला पाडले. जॅकेट नसतानाही समोरचीचा तोल कोणत्या क्षणी कोणत्या पायावर आहे, हे तिला शरीराने कळते; ही जाण वर्षानुवर्षांच्या रांदोरीतून, म्हणजे मोकळ्या सराव-लढतींतून, येते आणि बहुतेक ग्रॅपलर्सकडे ती नसते.

मात्र दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिली अशी की, प्रतिस्पर्धी पाठीवर आदळताच तिच्या अंगातला ताण क्षणभर सुटतो. ज्युदोत तेथे इप्पोन (पूर्ण गुण) होते आणि लढत संपते; येथे त्याच क्षणी खालची खेळाडू पाय मध्ये घालून गार्ड, म्हणजे पायांचा बचाव, मिळवते आणि फेकीचा सगळा लाभ वाया जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ती स्वतः खाली आली की पोटावर वळते, कोपरे छातीशी घट्ट आवळते, मान झाकते आणि थांबते. ती पंचांच्या ‘मत्ते’ची (‘थांबा’ या आदेशाची) वाट पाहत असते.

या सवयीला चूक म्हणणे मला योग्य वाटत नाही. पोटावर पडल्यास ज्युदोत फेकीचे गुण जात नाहीत, पाठ मॅटला न लागल्यामुळे ओसाएकोमी (दाबून धरण्याची मोजणी) सुरू होत नाही आणि वरच्या खेळाडूची प्रगती दिसली नाही की पंच लढत थांबवून दोघींना उभे करतात. त्या नियमांत हाच शहाणपणाचा बचाव आहे. ग्रॅपलिंगमध्ये थांबवायला कोणी येत नाही. पोटावर वळणे म्हणजे पाठ देणे. एडीसीसीच्या नियमांत पाठीवर दोन्ही पाय अडकवून मिळवलेल्या ताब्याला ३ गुण आहेत आणि तेथून रिअर नेकेड चोक (मागून हाताने गळा आवळणे) फार दूर नसतो.

या प्रकल्पाचा गाभा येथेच आहे, असे माझे मत बनले आहे. पायांच्या कुलपांची यादी पाठ करण्यापेक्षा, ‘मत्ते’ नसलेल्या जमिनीवर सतत हालते राहणे तिच्या अंगवळणी पडले पाहिजे.

२७ जानेवारी

पकडींचे काम सुरू झाले. ज्युदोत बाही आणि कॉलर यांतून प्रतिस्पर्धी खेचली जाते आणि त्या कापडामुळे हाताभर अंतरावरूनही तिचा तोल बिघडवता येतो. कापड गेले की घामाने निसरड्या झालेल्या अंगावर ते अंतर टिकत नाही, म्हणून छातीला छाती भिडवून काम करावे लागते. बाहीची जागा आता मनगट आणि कोपर यांवरच्या दुहाती पकडीने घेतली आहे, कॉलरची जागा मानेमागच्या कॉलर टायने, आणि पाठीवरच्या पकडीची जागा अंडरहुक (काखेखालून घातलेला हात) किंवा ओव्हरहुकने (दंडावरून घातलेला हात).

उचि-माता आणि हाराइ-गोशी या फेकी ओव्हरहुकवरून उत्तम चालतात. ओउचि-गारी, कोसोतो-गाके आणि सासाए यांना तर कापडाची फारशी गरजच नव्हती. गुडघ्यांवर बसून घेतली जाणारी सेओइ-नागे मात्र आम्ही बाजूला ठेवली, कारण ती फसली की आपण प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलेले असतो. मानेला विळखा घालून मारल्या जाणाऱ्या कोशि-गुरुमाचेही तेच. तानि-ओतोशी सरावात वापरायची नाही, असा नियम मी केला आहे. मागे बसताना शरीराचे वजन सहकाऱ्याच्या गुडघ्यावर बाजूने पडले, तर दुखापत मोठी होते.

पट काढण्याविरुद्धचा (पाय धरून पाडण्याविरुद्धचा) बचाव तिला मुळापासून शिकवावा लागणार आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१० मध्ये पायांना थेट हात घालण्यावर निर्बंध आणले आणि २०१३ पासून कमरेखाली हाताने पकडण्यावर पूर्ण बंदी घातली. तिची सारी स्पर्धात्मक कारकीर्द त्यानंतरची आहे. जुन्या पिढीचे ज्युदोका मोरोते-गारी आणि कुचिकि-ताओशी या पाय धरण्याच्या फेकी मारत आणि त्यांचे बचावही जाणत. हिच्या पिढीला सरळ उभे राहण्याची मोकळीक नियमानेच दिली.

१० फेब्रुवारी

आज पायांच्या कुलपांचा आरंभ केला. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण येथे घाई झाली तर प्रकल्पच थांबेल.

ज्युदोच्या स्पर्धेत सांध्याचे कुलूप केवळ कोपराला लावता येते. त्यामुळे धोक्याची तिची सगळी जाणीव कोपरावर घडलेली आहे: कोपर ताणला जाऊ लागतो, वेदना वाढत जाते आणि टॅप करायला (हाताने थोपटून हार मानायला) वेळ मिळतो. हील हुक या टाचेच्या कुलपात तसे होत नाही. प्रतिस्पर्धी स्वतःच्या पायांनी आपली मांडी जखडते, पाऊल काखेत घेते, टाच कोपराच्या खोबणीत अडकवते आणि अंग वळवते. पाऊल लिव्हरसारखे काम करते आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. गुडघा हा मुख्यतः वाकण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी घडलेला सांधा असून पिळाची मुभा त्याला फार थोडी असते, म्हणून सारा भार अस्थिबंधांवर येतो आणि अनेकदा पुरेशी वेदना जाणवण्याआधीच ते फाटलेले असतात. त्यातून धडपडत चुकीच्या दिशेने वळणे हे तर स्वतःच आपला गुडघा पिळण्यासारखे आहे.

म्हणून पहिले काही आठवडे नियम असे आहेत. टाच पूर्णपणे पकडली गेली की तिने टॅप करायचा, वेदनेची वाट पाहायची नाही. सहकाऱ्याने पकड घ्यायची, स्थिर ठेवायची, पण पीळ द्यायचा नाही. हे काम केवळ निवडक आणि संयमी सहकाऱ्यांबरोबरच होईल आणि दमलेल्या अवस्थेतल्या शेवटच्या फेऱ्यांत अजिबात होणार नाही. शिकवण्याचा क्रमही बचावाकडून हल्ल्याकडे जाणारा आहे: आधी टाच लपवणे, मग आपला गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या मांड्यांच्या पकडीबाहेर काढणे, मग तिचे हात सोडवणे, आणि हे सगळे शांतपणे जमू लागल्यावरच स्वतः कुलूप लावायला शिकणे.

हे टाळता येईल का, असे तिने विचारले. येणार नाही. एडीसीसीत हील हुकला मुभा आहे, आणि नियमांच्या बाबतीत सावध मानल्या जाणाऱ्या आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू महासंघानेही २०२१ पासून नो-गी (गणवेशाविना) स्पर्धांत प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्ट खेळाडूंना ती दिली आहे. व्यावसायिक मॅटवर उभी राहणारी जवळजवळ प्रत्येक प्रतिस्पर्धी पायांकडे जाणार, हे धरूनच चालावे लागेल.

३ मार्च

दाबून धरण्याच्या कामात तिला पाहताना मला खरा आनंद होतो. तिचा योको-शिहो-गातामे (बाजूने दाबून धरणे) इतका जड आहे की तिच्याहून वजनदार सहकारीही त्याखाली श्वासासाठी झगडतात. ज्युदोत २० सेकंद दाबून धरले की इप्पोन, १० सेकंदांना वाझा-आरी (अर्धा गुण), आणि यंदा युको (सर्वांत लहान गुण) परत आल्यापासून ५ सेकंदांनाही गुण मिळतो. येथे घड्याळ तिच्या बाजूने काहीच करत नाही. एडीसीसीत गार्ड ओलांडण्याचे ३ गुण मिळतात, पण त्यानंतर नुसते दाबून धरल्याने पदरात काही पडत नाही.

म्हणून दाबण्याचा हेतू बदलतो आहे. खालच्या खेळाडूला पूर्ण जखडून टाकण्यापेक्षा तिला हालण्यासाठी एकच वाट मोकळी सोडायची आणि त्या वाटेवर आपण आधीच पोहोचलेले असायचे. ती बाहेर वळली तर पाठ मिळते, आत वळून हाताने ढकलू लागली तर उदे-गारामी किंवा जुजि-गातामे ही हाताची कुलपे. काता-गातामे (मान आणि हात एकत्र जखडण्याची पकड) तर जसाच्या तसा चोक म्हणून वापरता येतो आणि मला तो तिचे मुख्य हत्यार व्हावा असे वाटते. केसा-गातामे या दाबण्याच्या पकडीत मानेऐवजी पलीकडच्या हाताखालून पकड घेण्याचा बदल केला, नाहीतर चपळ प्रतिस्पर्धी मान सोडवून थेट पाठीवर येते.

२४ मार्च

दमाच्या कामात बदल केला. ज्युदोची लढत ४ मिनिटांची असते आणि गोल्डन स्कोअर (बरोबरीनंतरचा जादा वेळ) लांबला तरी मध्ये वारंवार थांबे मिळतात. येथे सलग १० मिनिटे धरून चालायचे आहे. बोटांच्या ताकदीचे व्यायाम कमी करून मनगट, पुढचा हात आणि मांड्यांची आतली बाजू यांवर भर दिला. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तिची मुळातली क्षमता उत्तम आहे.

१४ एप्रिल

कोणत्या नियमांखाली पहिली लढत घ्यावी, यावर आज दीर्घ चर्चा झाली. एडीसीसीत निम्म्या वेळात गुण नसतात आणि नंतरच्या निम्म्यात ते सुरू होतात. पाडण्याला २ गुण आणि प्रतिस्पर्ध्याच्या पायांपलीकडे स्वच्छ उतरून स्थिर झाल्यास ४ गुण मिळतात, तर गुणांच्या काळात स्वतःहून खाली बसणाऱ्याला एक उणा गुण बसतो. ज्युदोकाला याहून अनुकूल नियम सापडणे कठीण आहे. वन चॅम्पियनशिपच्या नियमांत १० मिनिटांची एकच फेरी असते आणि सबमिशन झाले नाही तर खरा धोका निर्माण करणारे प्रयत्न कोणाचे अधिक होते, हे पंच पाहतात. इतर अनेक आयोजक गुणांशिवाय केवळ सबमिशनवर आणि शेवटी पंचांच्या निर्णयावर लढती घेतात.

अडचण अशी की, आपल्याला हवे ते नियम निवडण्याइतके नाव होईपर्यंत खेळाडूला समोर येईल तो करार घ्यावा लागतो, आणि येणारे करार बहुधा या शेवटच्या प्रकारचे असतात. त्या नियमांत लढत सुरू होताच खाली बसण्याला काहीही दंड नाही. तिच्या प्रशिक्षकांनी हे ऐकल्यावर अत्यंत गंभीरपणे विचारले की, समोरची बसलीच तर आपण एवढे ज्युदो घेऊन काय करायचे. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कामातूनच द्यावे लागेल.

पैशांबद्दलही स्पष्ट बोललो. २०२४ च्या क्रेग जोन्स इन्व्हिटेशनल या ग्रॅपलिंग स्पर्धेने दोन्ही गटांच्या विजेत्यांना प्रत्येकी १० लाख डॉलर दिले आणि सहभागी खेळाडूंना नुसत्या उपस्थितीसाठी १०,००१ डॉलर, म्हणजे एडीसीसीच्या विजेत्याच्या १०,००० डॉलर बक्षिसाहून एक डॉलर अधिक, देऊ केले. त्या घटनेने खेळाडूंच्या मोबदल्याचा प्रश्न उघड्यावर आणला, हे चांगलेच झाले. परंतु ते दोन्ही गट पुरुषांचे होते, महिलांसाठी तसा गट नव्हता, आणि तिने आपला निर्णय त्या आकड्यांकडे पाहून घेऊ नये, असे मी तिला सांगितले. पहिली काही वर्षे लढतीमागे मिळणारे मानधन, विजयाची जोड रक्कम आणि शिकवण्या यांवरच काढावी लागतात.

१९ मे

गेले काही आठवडे एकाच गोष्टीवर काम केंद्रित आहे: फेक आणि त्यानंतरचे उतरणे यांना एक हालचाल मानणे. सरावात आता फेकीला महत्त्व नाही; प्रतिस्पर्ध्याचे पाय ओलांडून तीन सेकंद स्थिर राहिले तरच ती फेक धरली जाते.

यातून प्रत्येक फेकीचा नव्याने अभ्यास करावा लागला, आणि हा भाग मला फार मोलाचा वाटतो. ओउचि-गारी सहज लागते, पण ती आपल्याला थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायांमध्ये, म्हणजे गार्डमध्ये उतरवते. म्हणून पडता पडताच एक गुडघा तिच्या मांडीवरून आडवा घालण्याची जोड दिली. कोसोतो-गाके बाजूला उतरवते आणि तेथून बहुतेक वेळा हाफ गार्ड (एकच पाय अडकलेली स्थिती) मिळतो, ज्यात तिचा जडपणा कामी येतो. ओव्हरहुकवरची उचि-माता उत्तम, मात्र ओव्हरहुक सोडायचा नाही. ज्युदोत बाही धरून ठेवतो तसाच तो हात जमिनीपर्यंत न्यायचा, कारण त्याच हातावर पुढे काता-गातामे किंवा जुजि-गातामे मिळतो. अंग झोकून मारल्या जाणाऱ्या माकिकोमी प्रकारच्या फेकी वगळल्या. त्यात गुण मिळण्याइतकी पाठ टेकते खरी, पण गोलांटीच्या वेगाने आपणच खाली जातो.

पोटावर वळण्याच्या सवयीवर वेगळा सराव चालू आहे. ती टर्टलमध्ये (पोटाकडे वळून अंग आवळलेल्या स्थितीत) असताना फेरी सुरू होते, मी काहीही बोलत नाही, कोणी थांबवत नाही, आणि तिने एका श्वासात एकतर बसून हाफ गार्ड घ्यायचा किंवा प्रतिस्पर्ध्याचे मनगट पकडून उभे राहायचे. सुरुवातीला तिचे डोळे अजूनही माझ्याकडे वळत. आता वळत नाहीत.

१६ जून

दोन प्रशिक्षकांमध्ये मतभेद झाला आणि तो नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. पट वाचवण्यासाठी मी तिला खाली वाकून, कंबर मागे ठेवून उभे राहायला शिकवतो आहे. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, या उभे राहण्याने तिची उचि-माता मरेल, कारण त्या फेकीला सरळ पाठ आणि जवळ आणलेली कंबर लागते. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत. तोडगा असा निघाला की, पकड नसताना वाकलेले राहायचे आणि ओव्हरहुक किंवा दुहाती पकड पक्की होताच सरळ व्हायचे, कारण त्या जवळिकीत समोरचीला पायांकडे झेपावण्याइतकी जागाच उरत नाही. त्यांनी स्वतः मॅटवर उतरून हा बदल तिच्याकडून करून घेतला. त्यांच्या वयात नव्या खेळासाठी एवढी तयारी दाखवणारे शिक्षक तिला लाभले आहेत, याचे मला मोल वाटते.

२१ जुलै

गुणांच्या नियमांवरची एक हौशी स्पर्धा खेळून झाली. पाडण्याचे गुण तिला मिळत राहिले आणि काता-गातामेने एक लढत संपवलीही. ज्या लढतीत ती हरली, त्यात प्रतिस्पर्धी आरंभीच बसली आणि खालून तिचा पाय अडकवला; हील हुक तिने सोडवला, पण सोडवताना स्वतःच खाली गेली आणि गुण गमावले. पाठ मात्र तिने दिवसभरात कोणालाही दिली नाही.

१ सप्टेंबर

पहिला व्यावसायिक करार आला: ६५ किलो, १० मिनिटे, गुण नाहीत, सर्व कुलपांना मुभा, सबमिशन न झाल्यास पंचांचा निर्णय. वैद्यकीय खर्च कोणाचा, चित्रीकरणाचे हक्क कोणाकडे आणि प्रतिस्पर्धी बदलल्यास मानधनाचे काय, या कलमांवर आयोजकांकडून लेखी खुलासा घेतला.

एक महत्त्वाची बाब तिला स्पष्ट केली. ज्युदोतून औपचारिक निवृत्ती जाहीर केलेली नसल्यामुळे ती अजूनही उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत आहे आणि आपल्या ठावठिकाण्याची माहिती देणे तिला बंधनकारक आहे. ग्रॅपलिंगच्या लढतीत चाचणी होत नसली तरी हे बंधन कायम राहते. आणि निवृत्ती जाहीर करून पुढे कधी ज्युदोत परतायचे ठरवले, तर जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार सहा महिने आधी लेखी सूचना देऊन चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते. तिने निवृत्ती सध्या जाहीर न करण्याचा निर्णय घेतला. औषधे आणि पूरक आहार यांबाबतची शिस्त त्यामुळे पूर्वीसारखीच पाळायची आहे.

१३ ऑक्टोबर

लढत झाली. पंचांच्या निर्णयावर ती हरली.

प्रतिस्पर्धी हात मिळवताच खाली बसली आणि जवळजवळ सगळी लढत तेथूनच खेळली. पायांवरचे तिचे हल्ले सतत आणि कुशल होते. आमच्या खेळाडूने प्रत्येक वेळी टाच लपवली, गुडघा बाहेर काढला आणि एकदाही घाबरून चुकीच्या दिशेने वळली नाही. फेब्रुवारीत ज्या गोष्टीची मला सर्वाधिक चिंता होती, ती गोष्ट तिने प्रेक्षकांसमोर निर्दोष केली. दोनदा ती गार्ड ओलांडून बाजूला पोहोचली आणि दुसऱ्या वेळी काता-गातामे लागत आला होता, पण वेळ संपली. हल्ले कोणाचे अधिक होते, एवढेच पंचांना पाहायचे होते आणि त्या निकषावर निर्णय योग्य आहे.

तिच्या प्रशिक्षकांनी एप्रिलमध्ये विचारलेला प्रश्न आता पुढच्या टप्प्याचा विषय झाला आहे. बसलेल्या खेळाडूवर वरून काम करण्याची परंपरा ज्युदोत आहेच. जपानमधील जुन्या शाही विद्यापीठांच्या संघांमध्ये आजही खेळल्या जाणाऱ्या कोसेन ज्युदोत थेट जमिनीवर ओढून नेण्यास परवानगी आहे आणि जमिनीवरच्या लढतीला वेळेची घाई नाही. त्यामुळे गार्ड ओलांडण्याची पद्धतशीर तंत्रे तेथे विकसित झाली. तिचा तोल ओळखण्याचा हात उभ्या प्रतिस्पर्ध्यावर चालतो तसा बसलेल्या प्रतिस्पर्ध्यावरही चालला पाहिजे: खांदे मागे ढकलून तिला हात टेकायला लावणे, टेकलेला हात उचलला जाण्याआधी घोटे एका बाजूला सारणे आणि छाती मांड्यांवर टाकणे. तत्त्व कुझुशीचेच (तोल बिघडवण्याचेच) आहे, केवळ उंची कमी झाली आहे.

२० ऑक्टोबर

नवा आराखडा लागू केला. सगळ्या फेऱ्या आता सहकारी बसलेल्या स्थितीतून सुरू होतात आणि तिला दोन्ही गुडघ्यांवर उतरण्याची मनाई आहे, जेणेकरून तिचे पाय प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत अडकून राहणार नाहीत. आठवड्यातून एक सत्र उभ्या लढतीसाठी तिच्या प्रशिक्षकांकडे कायम ठेवले आहे. आयोजकांनी पुढच्या लढतीबद्दल विचारणा केली असून, ती एडीसीसीच्या धर्तीवरील गुणांच्या नियमांखाली व्हावी, अशी आमची मागणी लेखी कळवली आहे; त्यांनी ती मान्य केली नाही, तरी फेब्रुवारीपर्यंतच्या सरावाचा क्रम हाच राहील.